जुना गेम परत आणायला वर्षभर नक्की काय करतात?

प्रश्न कळव्याच्या एका इंजिनिअरिंगच्या मुलाचा आहे. थोडक्यात असा: "दादा, अमेरिकेतल्या एका स्टुडिओने २०२४ या एका वर्षात पाच जुने गेम रिमास्टर करून, म्हणजे नव्या मशीनसाठी सुधारून, काढले. एआयने टेक्स्चर, म्हणजे गेममधल्या भिंती-जमिनीवरची चित्रं, मोठी करायची आणि विकायचं, एवढंच असतं ना? मग आपला बाइक रेसचा रोड रॅश कोणी का नाही काढत? आणि हे काम इथे ठाणे-नवी मुंबईत बसून होतं का?"

दादा म्हणालास म्हणून अरे-तुरे करतो. मी सोळा वर्षं गेमच्या पोर्टिंगमध्ये आहे, म्हणजे एका मशीनचा गेम दुसऱ्या मशीनवर आणायचा, सुरुवातीला जावावाल्या फोनवर गेम बसवायचो, १७६ बाय २२० च्या स्क्रीनवर, आणि गेली आठ वर्षं नवी मुंबईतल्या महापेला एका छोट्या टीममध्ये परदेशी पब्लिशरसाठी जुने गेम नवीन कन्सोलवर आणि पीसीवर आणायचं काम करतोय. क्लायंटची नावं सांगता येत नाहीत, करारच तसा असतो, म्हणून आमच्या कामातले किस्से बिननावाचे आहेत आणि जिथे नाव घेतलंय ते सगळं जगजाहीर आहे.

तू म्हणतोयस तो स्टुडिओ नाइटडाइव्ह. २०२४ मध्ये त्यांनी फेब्रुवारीत स्टार वॉर्सचा डार्क फोर्सेस काढला, मे मध्ये पीओड, ऑगस्टमध्ये डूम आणि डूम २ एकत्र, ऑक्टोबरमध्ये किलिंग टाइम आणि डिसेंबरमध्ये द थिंग. मूळ गेम १९९३ ते २००२ मधले. आता हे वाचून वाटतं की दोन-अडीच महिन्यांना एक गेम, म्हणजे काम सोपं असणार. पण पेणच्या कारखान्यातून भाद्रपदात मूर्ती बाहेर पडतात म्हणजे त्या भाद्रपदात घडवल्या असं नसतं ना. याच लोकांचा सिस्टम शॉक या गेमचा रिमेक, म्हणजे सगळं नव्याने बांधलेला गेम, बघ, २०१६ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा केले, मध्ये युनिटी हे इंजिन (गेम ज्यावर चालतो तो तयार पाया) सोडून अनरियल या दुसऱ्या इंजिनवर गेले, २०१८ मध्ये काम थांबवून परत पहिल्यापासून विचार करावा लागला आणि गेम आला मे २०२३ ला. सिस्टम शॉक २ ची नवी आवृत्ती २०१९ ला जाहीर केली ती जून २०२५ ला आली. त्या पाच गेमचं रहस्य असं की त्यांच्याकडे केएक्स नावाचं स्वतःचं इंजिन आहे, वर्षानुवर्षं मुरवलेलं. स्क्रीन, कंट्रोलर, आवाज, प्रत्येक कन्सोलच्या खोड्या हे सगळं ते इंजिन सांभाळतं, आणि प्रत्येक जुन्या गेमचं फक्त डोकं त्यावर आणून बसवायचं. "फक्त" म्हणालो खरा, पण सगळी मारामारी त्या डोक्याचीच असते.

आधी तुझ्या रोड रॅशचं उरकतो, कारण तिथे कॉम्प्युटरचा प्रश्नच नाही, कागदाचा आहे. पीसीवरचा १९९६ चा रोड रॅश आठव, मेनूमध्ये साउंडगार्डन, मॉन्स्टर मॅग्नेट वगैरे खरे बँड, त्यांची गाणी, त्यांचे व्हिडिओ. गेम ईए या कंपनीचा आहे पण गाणी ईएची नाहीत. अशी परवानगी बऱ्याचदा ठरावीक वापरापुरती आणि ठरावीक वर्षांपुरती घेतलेली असते, परत विकायचं म्हटलं की एकेका गाण्यासाठी परत बोलणी. अॅलन वेक हा गेम मे २०१७ मध्ये निव्वळ गाण्यांची मुदत संपली म्हणून दुकानातून काढावा लागला होता, नवीन करार झाल्यावर २०१८ च्या ऑक्टोबरात परत आला. जीटीए व्हाइस सिटी या गेममधल्या रेडिओवरची मायकेल जॅक्सनची गाणी नंतरच्या डिजिटल आवृत्तीतून उडाली. क्रिकेट ०७ चं तर विचारूच नको, त्यात पूर्ण लायसन्स फक्त इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाचं होतं, आपल्या खेळाडूंची नावं तेव्हाच मोडतोड करून घातली होती आणि आपण ती एडिट करत बसायचो.

आणि कधी कधी तर हक्क कोणाकडे आहेत हेच शोधावं लागतं. नाइटडाइव्हची सुरुवातच अशी झाली. स्टीफन किक नावाचा माणूस, मध्य अमेरिकेत फिरत असताना त्याला सिस्टम शॉक २ खेळावासा वाटला आणि तो काही केल्या चालेना. मूळ स्टुडिओ लुकिंग ग्लास २००० मध्ये बंद पडलेला, आणि हक्क फिरत फिरत एका इन्शुरन्स कंपनीकडे जाऊन पडलेले. इन्शुरन्स कंपनी! त्याने त्यांनाच गाठलं, करार केला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये गेम परत विकायला आला. त्याच्या काही महिने आधी, सप्टेंबर २०१२ मध्ये, ल कोर्बो असं टोपणनाव लावणाऱ्या कुणीतरी त्या गेमच्या इंजिनचा पॅच, म्हणजे दुरुस्तीची फाइल, गुपचूप टाकला होता, त्यामुळे तो नवीन विंडोजवर नीट चालायला लागला. तो माणूस कोण, हे त्याने कधी सांगितलं नाही. आमच्या धंद्यात अशा बिनचेहऱ्याच्या माणसांचे उपकार फार आहेत. याच नाइटडाइव्हने नो वन लिव्हज फॉरएव्हर या गेमसाठीही प्रयत्न केला पण तिथे फॉक्स, वॉर्नर आणि अॅक्टिव्हिजन अशा तिघांमध्ये हक्कांचा गुंता, शेवटी सोडून दिलं. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशनने २०२३ मध्ये मोजलं तेव्हा अमेरिकेत २०१० च्या आधी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज सरळ मार्गाने विकतच मिळत नाहीत असं निघालं. म्हणजे रोड रॅश बहुमतात आहे.

बरं, कागद झाले, सही झाली. मग क्लायंट म्हणतो, सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ कोड) पाठवतोय. इथे नवीन माणूस खूश होतो आणि जुना माणूस चहा मागवतो.

दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्याकडे एक झिप आली, "पूर्ण सोर्स आहे" असा मेल. उघडली तर प्रोजेक्ट व्हिज्युअल सी++ ६ चा, म्हणजे १९९८ चं कंपायलर, लिहिलेल्या कोडचा चालणारा गेम करून देणारं टूल. ते जुन्या व्हर्च्युअल मशीनवर चढवलं. मग आवाजाची लायब्ररी (तयार कोडचा संच) नाही, व्हिडिओ चालवणारी लायब्ररी नाही, कारण त्या बाहेरून विकत घेतलेल्या असतात आणि त्या काळच्या हेडर फाइल कोणी जपून ठेवलेल्या नसतात. त्यांच्या जागी खोटी रिकामी फंक्शनं घालून, तीन आठवड्यांनी एकदाचा गेम उठला. सातव्या लेव्हलला गेलो तर एक दरवाजा उघडेचना. आम्हाला वाटलं आपणच काहीतरी मोडलं. मग दुकानात विकलेल्या सीडीवरचा गेम आणि आमचा गेम शेजारी शेजारी लावून बघितलं तेव्हा कळलं की आम्हाला मिळालेला कोड हा गेम बाजारात यायच्या काही महिने आधीचा आहे. शेवटच्या दिवसांत ज्या शंभर-सव्वाशे दुरुस्त्या झाल्या असतील त्या कोणाच्या तरी हार्ड डिस्कवर होत्या आणि ती डिस्क आता कुठे आहे देव जाणे. मग काय, बाजारातल्या सीडीवरची ईएक्सई फाइल घिड्रामध्ये उघडायची, घिड्रा म्हणजे मशीन कोड परत वाचता येईल असा करून देणारं फुकटचं टूल, अमेरिकेच्या एनएसएने २०१९ मध्ये बाहेर दिलेलं, आणि एकेक फंक्शन आपल्या कोडशी पडताळायचं. अकरा आठवडे दोन माणसं हेच करत होती. बाहेरून बघणाऱ्याला त्या अकरा आठवड्यांत स्क्रीनवर शून्य फरक.

हे आमचंच नशीब होतं असं समजू नकोस. सायलेंट हिलचं एचडी कलेक्शन २०१२ ला आलं आणि लोकांनी धुक्यावरून, आवाजावरून धुतलं, त्यामागे हेच कारण होतं, स्टुडिओला मिळालेला कोड अंतिम नव्हता. किंगडम हार्ट्सच्या पहिल्या भागाचं मूळ काम हरवलं होतं, बाजारातल्या गेममधून बरंच काही उकरून परत बनवावं लागलं. आइसविंड डेल २ ची सुधारित आवृत्ती सोर्सच सापडला नाही म्हणून झाली नाही. उलटं उदाहरण प्रिन्स ऑफ पर्शियाचं, तो आपल्या शाळेच्या कॉम्प्युटर लॅबमधला पहिला प्रिन्स. तो गेम बनवणाऱ्या जॉर्डन मेकनरचा १९८९ चा सोर्स २०१२ मध्ये त्याच्या वडिलांना घरातल्या एका खोक्यात सापडला, साडेतीन इंची फ्लॉप्यांवर, आणि जाणकारांना बोलावून त्या वाचून घेतल्यावर त्याने तो कोड सगळ्यांसाठी खुला केला. आपल्याकडे असतं तर आईने दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाल्याला दिला असता, हे मी माझ्या अनुभवावरून सांगतोय.

आता डोक्याची मारामारी. जुना गेम म्हणजे चित्रं आणि आवाज एवढंच नसतं, तो कसा वागतो हा खरा गेम. आणि ते वागणं बऱ्याचदा अपघाताने ठरलेलं असतं.

डूम घे. डूमचं जग सेकंदाला बरोबर ३५ वेळा पुढे सरकतं, कारण तेव्हाचा व्हीजीए मॉनिटर ७० हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला ७० वेळा चित्र दाखवणारा, आणि त्याचं निम्मं ३५. तुझ्याकडे १४४ हर्ट्झची स्क्रीन असेल तर काय करायचं? जग १४४ वेळा सरकवलं तर सगळं पळत सुटेल. म्हणून जग ३५ नेच चालवायचं (असं एकेक सरकणं म्हणजे एक ठोका) आणि दोन ठोक्यांच्या मधली चित्रं हिशोब करून भरायची. हे ऐकायला सोपं आहे कारण डूमच्या लोकांनी कोड शिस्तीत लिहिला होता. बाकी शेकडो गेममध्ये "एका फ्रेमला (स्क्रीनवरच्या एका चित्राला) इतकं सरक" असं सरळ लिहिलेलं असतं. आमच्या एका गेममध्ये लिफ्टचा दरवाजा ४० फ्रेमनी बंद व्हायचा, मूळ मशीनवर ते सव्वा-दीड सेकंद होतं, आमच्याकडे सेकंदाला १२० फ्रेम, त्यात तो सेकंदाचा तिसरा हिस्सा झाला आणि खेळणारा दरवाजात चिरडून मरायला लागला, आमची टेस्टर हसून हसून खुर्चीतून पडायची बाकी होती. पण असे आकडे गेममध्ये हजार ठिकाणी पेरलेले असतात, आणि सगळेच चिरडून मारत नाहीत. शत्रू बंदूक भरायला किती वेळ घेतो, उडी किती उंच जाते, हे थोडंसंच बदलतं, कोणाच्या लक्षात येत नाही, फक्त जुना खेळाडू म्हणतो "काहीतरी वेगळं वाटतंय".

ते "काहीतरी वेगळं" पकडायला आमच्याकडे एकच जालीम उपाय आहे, तो पण डूमकडूनच शिकलो. डूमचा डेमो म्हणजे व्हिडिओ नसतो, खेळणाऱ्याने प्रत्येक ठोक्याला कुठलं बटण दाबलं एवढीच नोंद असते. गेममधले योगायोगसुद्धा २५६ आकड्यांच्या ठरलेल्या तक्त्यातून येतात. त्यामुळे तीच बटणं परत दाबली की तोच खेळ तसाच्या तसा परत घडतो, जर कोडचं वागणं कणभरही बदललं नसेल तर. बदललं असेल तर कुठेतरी गोळी एक इंच बाजूने जाते, राक्षस मरत नाही, आणि मग डेमोतला माणूस भिंतीला डोकं आपटत बसतो. आम्ही आता प्रत्येक प्रोजेक्टमध्ये आधी असा रेकॉर्डर बसवतो, मूळ गेमवर आणि आमच्यावर एकच खेळ चालवतो, आणि पहिला फरक कुठल्या ठोक्याला पडला ते शोधतो. फरक पडायची कारणं पण भारी असतात. जुना प्रोसेसर दशांशाचे हिशोब आत ८० बिटमध्ये करायचा, आता ३२ किंवा ६४ बिटमध्ये होतात, शेवटच्या आकड्यातला फरक पाच मिनिटांनी मोठा होऊन समोर येतो.

याच्याही पुढची गंमत म्हणजे गेम जुन्या विंडोजच्या एखाद्या सवयीवर उभा असतो आणि कोणालाच माहीत नसतं. जीटीए सॅन अँड्रियास मधलं स्किमर नावाचं पाण्यावर उतरणारं विमान आठवतंय? विंडोज ११ चं २४एच२ अपडेट आल्यावर ते गेममधून गायब झालं. सगळे मायक्रोसॉफ्टला शिव्या घालत होते. सायलेंटपॅच ही जुन्या जीटीएची दुरुस्ती बनवणाऱ्या माणसाने शोधून काढलं की गाड्यांची माहिती ज्या फाइलमध्ये आहे तिथे स्किमरच्या ओळीत चाकांच्या मापाचे आकडेच लिहायचे राहिलेत. गेम ते आकडे वाचायला जायचा, मिळायचे नाहीत, आणि मेमरीत आधीच्या गाडीचे जे आकडे उरलेले असायचे तेच वापरायचा. ही उष्टी मेमरी वीस वर्षं कोणी पुसली नाही म्हणून विमान दिसत होतं. नव्या विंडोजने तीच जागा दुसऱ्या कामाला वापरली आणि विमान गेलं. असे उष्ट्यावर जगणारे बग प्रत्येक जुन्या गेममध्ये असतात, मला आता त्यांचं आश्चर्य वाटत नाही.

मग प्रश्न येतो की बग सापडला की दुरुस्त करायचा का. मी पहिल्यांदा असं काम केलं तेव्हा हिरिरीने सगळं दुरुस्त केलं होतं. त्या गेममध्ये पुढे आणि बाजूला एकदम पळालं की माणूस जास्त वेगात जायचा, दोन दिशांचा वेग नुसता बेरीज केलेला, म्हणजे साधारण ४१ टक्के फुकटचा वेग. शाळेतलं पायथागोरस विसरलेत म्हणून मी ते नीट केलं. आमच्याकडे एक टेस्टर होता, डोंबिवलीचा, तो हाच गेम लहानपणी सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन खेळलेला. त्याने दहा मिनिटं खेळून हेडफोन काढले आणि म्हणाला, "हा तो गेम नाहीये." काय बदललंय ते त्याला सांगता येत नव्हतं. एका दरीवरून तो लहानपणी तिरका पळत उडी मारून पलीकडे जायचा आणि आता पडत होता, एवढंच. मी दुरुस्ती परत काढली. तेव्हापासून आमचा नियम असा की गेम बंद पाडणारा बग काढायचा, सेव्ह फाइल खराब करणारा काढायचा, पण ज्या बगवर कोणीतरी खेळायची पद्धत बसवलीये त्याला हात लावायचा नाही. कुठला बग कुठल्या खात्यातला यावर आमच्यात दर आठवड्याला भांडणं होतात आणि ती व्हायलाच पाहिजेत.

आता तुझं एआय. वापरतो ना, खोटं कशाला बोलू. दोन-तीन हजार टेक्स्चर असतात, भिंती, माती, पत्रे, तिथे मशीनने मोठं करून दिलं तर वेळ वाचतो. पण मशीनला चित्र काय आहे ते कळत नाही, त्याला फक्त ठिपके दिसतात. समज गोखले रोडवरच्या दुकानाच्या पाटीचा ३२ ठिपके रुंदीचा फोटो दिला, तर तो त्यातून एकदम स्वच्छ, धारदार अक्षरं काढून देईल, फक्त ती कुठल्याच भाषेतली नसतील. जीटीएच्या तीन गेमची जी डेफिनिटिव्ह आवृत्ती २०२१ ला आली त्यात पाट्यांची अशीच वाट लागली होती. त्यातलं माझं आवडतं उदाहरण टफ नट डोनट्सचं. दुकानावर डोनटच्या ऐवजी मोठा लोखंडी नट होता, षटकोनी, आपल्या स्पॅनरवाला नट, तोच तर विनोद होता. नव्या आवृत्तीत कोपरे गुळगुळीत होऊन तो गोल झाला. विनोद मेला. माणसाने तीन सेकंद बघितलं असतं तरी वाचला असता.

नाइटडाइव्हचाही हात यात पोळलाय बरं का, म्हणजे ते काही देव नाहीत. ब्लेड रनरचा १९९७ चा गेम, मूळ सोर्स आणि चित्रं हरवलेली, म्हणून तयार व्हिडिओच मोठे करून २०२२ मध्ये एनहान्स्ड आवृत्ती काढली. ती मूळपेक्षा पुसट आणि गुळगुळीत दिसते म्हणून लोक भडकले आणि शेवटी स्कमव्हीएम या जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रामवर चालणारी जुनी आवृत्ती परत द्यावी लागली. म्हणून मी क्लायंटला पहिल्याच मीटिंगला सांगतो की जुनं-नवं एका बटणावर बदलता आलं पाहिजे. डायब्लो २ च्या रिसरेक्टेड आवृत्तीत कीबोर्डवरचं 'जी' बटण दाबलं की जुने ग्राफिक्स येतात, टूम रेडरच्या २०२४ वाल्यात 'एफ१'. लोकांना वाटतं ही गंमत म्हणून दिलेली सोय आहे. आमच्यासाठी ती रोजची फूटपट्टी असते. डायब्लोमध्ये तर खाली जुनाच गेम चालतो आणि नवीन थ्रीडी चित्र त्याच्यावर अंथरलंय, म्हणून वागणं तेच राहिलं. माझ्या मते रिमास्टर करायची याच्याइतकी सभ्य पद्धत दुसरी नाही.

दिसण्याबद्दल अजून एकच, कारण यावर सगळे घसरतात. डॉसचे बरेच गेम ३२० बाय २०० चे होते, पण मॉनिटर ४:३ चा, म्हणजे प्रत्येक ठिपका चौरस नव्हता, रुंदीपेक्षा उंचीला एक पंचमांश जास्त होता. कलाकाराने त्या ताणलेल्या स्क्रीनवर बघून गोल काढलाय. तू आज ते ठिपके चौरस दाखवलेस की गोल चपटा आणि सगळी माणसं बुटकी. आमच्याकडच्या नव्या आर्टिस्टने दोन आठवडे अशा बुटक्या माणसांवरून मॉडेल बनवली होती, सगळी परत करावी लागली.

आता थोडं आपल्याकडचं, जे परदेशी क्लायंटला समजावून सांगताना माझी फार तारांबळ उडते. आपण कुठे ओरिजिनल खेळलोय रे. ठाणे स्टेशनबाहेर पन्नास रुपयात सीडी मिळायची, एका सीडीत पाच-पाच गेम, आणि ते मावावेत म्हणून मधले व्हिडिओ आणि गाणी कापलेली असायची, रिप म्हणायचो आपण. क्वेकचं संगीत नाइन इंच नेल्सचं आहे आणि ते सीडीवर गाण्याच्या ट्रॅकसारखं वेगळं होतं, त्यामुळे कॉपीत ते यायचंच नाही. मी वर्षानुवर्षं समजत होतो की क्वेक हा शांत गेम आहे, नुसता पावलांचा आवाज आणि लांबून येणारी गुरगुर, आणि त्या शांततेचीच मला भीती वाटायची. २०२१ च्या रिमास्टरमध्ये ते संगीत परत आलं, सगळे खूश, आणि मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बंद करून टाकलं. म्हणजे माझ्या आठवणीतला गेम बनवणाऱ्यांनी कधी बनवलाच नव्हता. काम करताना अशा वेळी मी सीडीवर जे होतं त्याच्या बाजूने उभा राहतो, कारण दहा जणांच्या दहा आठवणी असतात, पण संगीत बंद करायचं बटण मात्र ठेवतोच, माझ्यासारख्यांसाठी. आणि ओरिजिनल सीडी जपून ठेवणाऱ्यांची अजून वेगळी शोकांतिका, विंडोज १० मध्ये सेफडिस्कच्या चोरीविरोधी कुलपाला लागणारा ड्रायव्हरच चालेनासा झाला, म्हणजे पैसे देऊन घेतलेली सीडी बंद आणि स्टेशनवरची क्रॅकवाली चालू.

वर्षाचे शेवटचे तीन-चार महिने कशात जातात सांगू? सर्टिफिकेशन. सोनी, निन्टेन्डो, मायक्रोसॉफ्ट, प्रत्येकाची नियमांची यादी. कंट्रोलर मध्येच सुटला तर गेम थांबून संदेश आला पाहिजे, मशीन झोपवून उठवलं तर गेम होता तिथेच पाहिजे, बटणाचं चित्र त्याच कन्सोलचं पाहिजे. जुन्या गेमला "झोपणं" ही कल्पनाच माहीत नसते. एकदा जुलैत सबमिशनच्या दिवशी ट्रान्स हार्बर लोकल बंद, अर्धी टीम ठाण्याच्या ९ नंबर प्लॅटफॉर्मवर अडकलेली, ऑफिसला जे दोघं घणसोलीवरून चालत पोचले त्यांनी फोनवर विचारत विचारत बिल्ड (तयार झालेला गेम) पाठवला, आणि तो नापास झाला कारण एका मेनूत जुन्या कीबोर्डवरचं "एंटर दाबा" तसंच राहिलं होतं. सहा महिने दशांशाच्या शेवटच्या आकड्यामागे धावलेली माणसं आम्ही, एंटरवर पडलो.

करिअरचं विचारलंस. होतं, इथे बसून होतं, पण "गेम बनवतो" असं नातेवाइकांना सांगून मिरवायची हौस असेल तर हे काम नाही, तुझं नाव क्रेडिट्समध्ये फार खाली येईल, कधी येणारही नाही. आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर आर्टचं काम येतं, कोडचं कमी, पण येतं. प्रिन्स ऑफ पर्शियाच्या सँड्स ऑफ टाइमचा रिमेक २०२० मध्ये युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होता, ट्रेलरवर जगभरातून टीका झाली, तारखा पुढे गेल्या आणि मे २०२२ मध्ये काम माँट्रियलला गेलं. त्यावरून "भारतीयांना जमत नाही" असं बोलणारे भरपूर भेटतील, त्यांच्या नादी लागू नकोस. सगळं नव्याने बांधायचा रिमेक हा रिमास्टरपेक्षा कितीतरी मोठा जुगार असतो, सिस्टम शॉकवाल्यांनासुद्धा सात वर्षं लागली हे वर सांगितलंच. माणूस घेताना मी सी आणि सी++ बघतो, थोडं असेंब्ली (मशीन कोडच्या अगदी जवळची भाषा) वाचता येतं का बघतो, आणि सगळ्यात जास्त बघतो तो दुसऱ्याचा घाणेरडा कोड वाचताना किती वेळ शांत बसू शकतो. डिग्री कुठली याने मला फरक पडत नाही.

सरावाला सामान फुकट पडलंय. डूमचा सोर्स १९९७ पासून खुला आहे, क्वेकचा १९९९ पासून, आणि ईएने फेब्रुवारी २०२५ मध्ये कमांड अँड कॉन्करचे जुने गेम खुले केले त्यात जनरल्स आणि झिरो अवर पण आहे, म्हणजे ज्यावर तुझ्या आधीच्या पिढीने कॉलेजची लेक्चरं बुडवली तो कोड आज वाचता येतो.

पण सुरुवात डूमनेच कर. चॉकलेट डूम, म्हणजे मूळ डूमसारखाच वागणारा खुल्या कोडचा डूम, उतरव आणि बिल्ड कर, त्यातच तुझा एक शनिवार जाईल, जाऊ दे. मग टिकरेट (सेकंदाला किती ठोके) म्हणून ३५ लिहिलंय ते ६० कर आणि खेळ. सगळं पळायला लागेल, ते अपेक्षितच आहे. मग दोन गोष्टींवर घड्याळ लाव. अजिंक्य करणारा गोळा घेतलास की तो पहिल्यासारखाच ३० सेकंद टिकेल, कारण तिथे "३० गुणिले टिकरेट" असं लिहिलंय. पण उघडलेला साधा दरवाजा आधी सव्वाचार सेकंद थांबायचा तो आता अडीच सेकंदांत बंद व्हायला लागेल, कारण तिथे कोणीतरी सरळ १५० लिहून ठेवलंय. असे सरळ लिहिलेले आकडे अजून किती सापडतात त्याची वहीत यादी कर, आणि ती वही घेऊन महापेला ये, चहा माझ्याकडून.